फेनवे पार्कला पहिल्यांदा जाताय? आधी त्या हिरव्या भिंतीशी ओळख करून घ्या

दर उन्हाळ्यात बॉस्टनला नवीन आलेलं आपल्यातलं कोणीतरी विचारतंच, की बेसबॉल अजिबात कळत नाही तरी फेनवेला जाण्यात काही अर्थ आहे का. आहे, शंभर टक्के आहे. आणि माझा अनुभव असा की नियम पाठ करून गेलेल्या माणसापेक्षा आधी ती जागा समजून घेऊन गेलेल्या माणसाला जास्त मजा येते, कारण फेनवेमध्ये अर्ध्या गोष्टी जागेमुळेच घडतात. म्हणून हे लिहितेय. माझे आईबाबा आले होते तेव्हा त्यांना ज्या क्रमाने दाखवलं त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हालाही पुढे कोणाला न्यायचं असेल तर उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. हे स्टेडियम वाकडंतिकडं आहे, आणि त्याचं कारण म्हणजे रस्ते आधीच आखलेले होते. लॅन्सडाउन स्ट्रीट, जर्सी स्ट्रीट, ब्रुकलाइन ॲव्हेन्यू, इप्सविच स्ट्रीट, व्हॅन नेस स्ट्रीट, या सगळ्यांच्या मध्ये जो वेडावाकडा तुकडा उरला त्यात मैदान बसवलं. पुढे जे जे विचित्र दिसेल तिथे हे आठवा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

पायरी १: जायच्या आधी एवढा इतिहास वाचाच

रेड सॉक्स, म्हणजे बॉस्टनची बेसबॉल टीम, आधी हंटिंग्टन ॲव्हेन्यू ग्राउंड्सवर खेळायचे, तिथली जागा भाड्याची होती. तेव्हाचे मालक जॉन टेलर यांनी फेन्स नावाच्या भागात, जिथे पूर्वी दलदल होती आणि भर घालून जमीन तयार केली होती, तिथे स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं. फेनवे हे नाव त्या भागावरूनच आलंय. सप्टेंबर १९११ मध्ये काम सुरू झालं आणि एप्रिल १९१२ मध्ये मैदान तयार, म्हणजे सात महिनेसुद्धा लागले नाहीत.

पहिली अधिकृत मॅच २० एप्रिल १९१२ ला झाली, तीही पावसामुळे दोन दिवस पुढे ढकलून. समोर न्यूयॉर्कचे हायलँडर्स, जे पुढे यांकीज झाले. अकरा इनिंग खेळून बॉस्टनने ७-६ ने जिंकली. पण दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी मॅच नव्हतीच कारण टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते आणि सगळीकडे तीच बातमी. पहिला बॉल टाकला शहराचे महापौर जॉन फिट्झजेराल्ड यांनी, हे म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे आईकडचे आजोबा. आणि अगदी त्याच दिवशी डेट्रॉइटमध्येही एक नवीन बेसबॉल स्टेडियम सुरू झालं होतं, तिथे १९९९ मध्ये टीमने शेवटची मॅच खेळली आणि दुसरीकडे गेली. फेनवे अजून चालू आहे. आज मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, वापरात असलेलं सगळ्यात जुनं मैदान हेच.

पहिल्याच वर्षी, म्हणजे १९१२ ला, टीमने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकली. मग १९१५, १९१६, १९१८. १९१५ आणि १९१६ च्या घरच्या फायनल मॅचेस मात्र फेनवेवर झाल्या नाहीत, जास्त माणसं बसावीत म्हणून बॉस्टनच्याच ब्रेव्ह्ज नावाच्या दुसऱ्या टीमच्या मोठ्या मैदानावर नेल्या होत्या. त्या काळच्या रेड सॉक्समध्ये बेब रूथ नावाचा तरुण पिचर, म्हणजे बॉल टाकणारा खेळाडू, होता, जो बॅटिंगही तुफान करायचा. मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला यांकीजना विकून टाकलं, व्यवहार १९१९ च्या डिसेंबरमध्ये झाला आणि जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाला. १९१८ नंतर बॉस्टनला पुढची वर्ल्ड सिरीज मिळाली थेट २००४ मध्ये. शहाऐंशी वर्षं! इथले म्हातारे लोक या मैदानाबद्दल बोलताना मध्येच गप्प का होतात ते हा आकडा कळल्यावर मला समजलं, कारण त्यांच्या वडिलांनी वाट बघितली, काकांनी बघितली आणि बघता बघता ते गेले.

मधल्या काळात १९३३ ला टॉम यॉकी यांनी टीम विकत घेतली आणि १९३४ मध्ये मैदान जवळजवळ नव्याने बांधलं, काम चालू असताना जानेवारीत मोठी आगही लागली होती. आज तुम्ही जे बघता त्यातलं बरंचसं १९३४ चं आहे. पुढे १९९९ मध्ये हे पाडून शेजारीच नवीन, मोठं स्टेडियम बांधायचा प्लॅन आला होता, लोकांनी विरोध केला. २००२ मध्ये जॉन हेन्रींच्या ग्रुपने टीम घेतली आणि त्यांनी पाडायचं सोडून आहे तेच वर्षानुवर्षं डागडुजी करून वाढवत नेलं. २०१२ ला, शंभरी भरली त्या वर्षी, राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नाव गेलं. मला विचाराल तर त्या विरोध करणाऱ्या लोकांचे आपण उपकार मानले पाहिजेत.

पायरी २: तिकीट काढताना खांब बघा

इथे नवीन माणूस हमखास फसतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

फेनवेमध्ये साधारण पावणेअडतीस हजार लोक बसतात, रात्रीच्या मॅचला ३७,७५५ आणि दिवसाच्या मॅचला ३७,३०५. हा फरक का? दिवसा बॅटरच्या नजरेसमोर, पिचरच्या मागे, पांढरे शर्ट घातलेली माणसं बसली तर बॉल दिसत नाही, म्हणून सेंटर फील्डमधल्या, म्हणजे बॅटरच्या अगदी समोर मैदानाच्या टोकाच्या, काही खुर्च्या झाकून ठेवतात. आपल्याकडे साइटस्क्रीन असते ना, तोच प्रकार.

आता प्रकार बघा. ग्रँडस्टँड म्हणजे छपराखालचे सेक्शन, नंबर १ ते ३३, उजव्या बाजूने सुरू होऊन होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागून वळसा घालून डाव्या भिंतीपर्यंत. इथल्या बऱ्याच खुर्च्या जुन्या लाकडी आहेत, अरुंद, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. छप्पर खांबांवर उभं आहे, आणि खांब प्रेक्षकांच्या मधूनच गेलेत. तुमची खुर्ची खांबाच्या मागे आली तर पिचर दिसेल पण बॅटर दिसणार नाही, किंवा उलटं. मी पहिल्या वर्षी एका रीसेल साइटवरून स्वस्तात तिकीट घेतलं, तिथे खांबाचा उल्लेखच नव्हता, नऊ इनिंग मान डावीकडे-उजवीकडे करत बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना. तेव्हा तिकिटावर "व्ह्यू ऑब्स्ट्रक्टेड" लिहिलंय का ते नीट वाचा, आणि त्या खुर्चीवरून काढलेला फोटो नेटवर मिळतो का ते शोधा, बहुतेक खुर्च्यांचे मिळतात.

दुसरी गोष्ट, १ ते ८ वगैरे सेक्शन उजव्या कोपऱ्यात आहेत आणि तिथल्या खुर्च्यांचं तोंड होम प्लेटकडे नाहीये, सेंटर फील्डकडे आहे. अख्खी मॅच कंबरेत वळून बसावं लागतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तिथे घेऊ नका. मला विचाराल तर १५ ते २८ मधलं कुठलंही, खांब टाळून, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

ब्लीचर्स म्हणजे ३४ ते ४३, मैदानाच्या मागच्या बाजूला, डोक्यावर छप्पर नाही. तरुण पोरांचा ग्रुप असेल तर मस्त आहे, आवाज, गाणी, सगळं तिथेच. पण जुलैमधल्या दुपारच्या मॅचला ऊन थेट अंगावर येतं, टोपी आणि पाणी पाहिजेच.

डावीकडे जी उंच हिरवी भिंत आहे तिच्या वरच्या खुर्च्या २००३ पासून आहेत, तीनशेही नाहीत, आणि महाग. एकदा आयुष्यात बसावं असं वाटत असेल तर बसा, पण पहिल्या वेळी नको, कारण भिंतीवर बसलं की भिंतच दिसत नाही.

दर कधी कमी असतात तर एप्रिलमध्ये आणि सोमवार ते गुरुवार, यांकीज आले की आकाशाला भिडतात. विद्यार्थी असाल तर रीसेलकडे जायच्या आधी टीमच्या स्वतःच्या साइटवर विद्यार्थ्यांसाठी काही स्वस्त तिकिटं आहेत का ते बघा. तिकीट फोनवरच असतं, ॲप आधी घरी डाउनलोड करून लॉगिन करून ठेवा, गेटसमोर उभं राहून पासवर्ड आठवत बसू नका. आणि एप्रिलच्या रात्रीच्या मॅचला जाताना जाड जॅकेट, कानटोपी, शक्य असेल तर छोटी शाल, खरंच, बॉस्टनचा एप्रिल म्हणजे वसंत हे फक्त कॅलेंडरवर.

पायरी ३: गाडी घरी ठेवा

पार्किंग भयंकर महाग आणि मॅच सुटल्यावर गाडी बाहेर काढायला तासभर. शहरातल्या मेट्रोची ग्रीन लाइन घ्या, केनमोर स्टेशनला उतरा. बी, सी, डी तिन्ही फाटे केनमोरला जातात, ई मात्र जात नाही, नवीन माणसं ईमध्ये बसून भलतीकडे जातात. डी लाइनवर फेनवे नावाचंही स्टेशन आहे, तिथूनही चालत येता येतं, पण पहिल्या वेळी केनमोरच. वुस्टर, फ्रेमिंगहॅमकडून येणाऱ्यांना कम्यूटर रेलचं लॅन्सडाउन स्टेशन अगदी मैदानाला लागून आहे.

केनमोरला वर आलात की गर्दीच्या मागे चाला, कोणाला विचारायचीही गरज नाही. वर मान करा, इमारतीच्या टपावर मोठ्ठा लाल त्रिकोण असलेला सिटगो पेट्रोल कंपनीचा बोर्ड दिसेल. तो १९६५ पासून तिथे आहे आणि मैदानात बसल्यावर हाच बोर्ड हिरव्या भिंतीच्या वरून डोकावताना दिसतो. जाहिरातीचा बोर्ड आहे, पण लोकांचा इतका जीव आहे त्याच्यावर की तो काढायची नुसती चर्चा निघाली तरी शहरात गलका होतो.

पायरी ४: आत जायची घाई नको, बाहेरून एक फेरी मारा

गेट साधारण दीड तास आधी उघडतात. तुम्ही त्याच्याही आधी पोचा. ब्रुकलाइन ॲव्हेन्यूचा पूल ओलांडून डावीकडे लॅन्सडाउन स्ट्रीटवर वळा. एका बाजूला बार, खाण्याच्या गाड्या, सॉसेज आणि कांदा-मिरचीचा वास, आणि दुसऱ्या बाजूला भिंतीची पाठ. हात लावता येईल इतकी जवळ. रस्ता किती अरुंद आहे बघा, मग कळेल की मैदान डावीकडे वाढवणं शक्यच का नव्हतं. डाव्या बाजूला मैदान आखूड पडलं, म्हणून भिंत उंच करावी लागली. शिवाय अगदी सुरुवातीला भिंतीचा दुसरा हेतू हा होता की या रस्त्यावरून लोकांनी फुकटात मॅच बघू नये.

तसंच पुढे फिरत इप्सविच आणि व्हॅन नेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेट बी आहे. तिथे पुतळे आहेत. एक रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा, एका लहान मुलाच्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवताना, कॅन्सर झालेल्या मुलांसाठी त्याने आयुष्यभर काम केलं त्याची ती आठवण. दुसरा चार मित्रांचा, विल्यम्स, बॉबी डोअर, जॉनी पेस्की आणि डॉम डिमॅजिओ. हे चौघं एकत्र खेळले आणि म्हातारपणापर्यंत मित्र राहिले. माझे बाबा त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभे होते, म्हणाले चौघांचीही नावं मला सांग, लिहून घेतो.

मग जर्सी स्ट्रीटला या. मॅचच्या दिवशी हा रस्ता बंद करून तिकीटवाल्यांसाठी स्टेडियमचाच भाग करतात. लाल विटांची जुनी दर्शनी भिंत इथेच आहे, फोटो इथे काढा. बॅग मोठी आणू नका, सॅक तर नाहीच, नियम आदल्या दिवशी टीमच्या साइटवर वाचून घ्या. आत पैसे कार्डने किंवा फोननेच देता येतील असं धरून चला.

पायरी ५: आता भिंत

खालच्या अंधाऱ्या बोळातून, जिथे खाण्याचे स्टॉल आहेत, तुम्ही एका उताराने वर चढता आणि एकदम सगळं हिरवं समोर येतं. गवत हिरवं, भिंत हिरवी, खुर्च्या हिरव्या. तिथे दोन मिनिटं थांबा. मागचे लोक खोळंबतील, एका बाजूला व्हा पण थांबा.

डावीकडे जी उभी आहे ती ग्रीन मॉन्स्टर. उंची ३७ फूट २ इंच, म्हणजे सव्वाअकरा मीटरच्या थोडी वर, आपल्याकडच्या तीन मजल्यांच्या बिल्डिंगएवढी. होम प्लेटपासून डाव्या फाउल पोलपर्यंत, म्हणजे खेळाची हद्द दाखवणाऱ्या खांबापर्यंत, अंतर फक्त ३१० फूट. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं, म्हणजे बॅटर पळत जे टप्पे गाठतो त्यांच्यामधलं, अंतर ९० फूट, पिचरचं अंतर ६० फूट ६ इंच, हे सगळीकडे सारखं. पण बाहेरचं कुंपण किती लांब, किती उंच, हे प्रत्येक मैदानाचं वेगळं. त्यामुळे एकच फटका एका शहरात होम रन आणि दुसऱ्या शहरात कॅच असू शकतो.

आणि क्रिकेट बघून वाढलेल्या आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. भिंतीला बॉल लागला म्हणजे चौकार नाही! बॉल खेळातच राहतो. भिंतीच्या वरून गेला तर होम रन, भिंतीला लागून खाली पडला तर फील्डरने उचलायचा आणि फेकायचा, तोपर्यंत बॅटर पळतोय. म्हणून इथे दोन उलट्या गोष्टी घडतात. जोरात, सरळ, कमी उंचीवरून गेलेला फटका, जो दुसऱ्या मैदानात आठ-दहा फुटांच्या कुंपणावरून सहज बाहेर गेला असता, इथे धाडकन भिंतीवर आदळतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात, कधी तर एकच. आणि उंच उडालेला लेचापेचा बॉल, जो दुसरीकडे फील्डरने आरामात पकडला असता, तो इथे भिंतीला घासतो नाहीतर वरून जातो. २ ऑक्टोबर १९७८ ला हेच झालं. बॉस्टन आणि यांकीज बरोबरीत होते, एकच निर्णायक मॅच, आणि यांकीजचा बकी डेंट, ज्याच्याकडून कोणी होम रनची अपेक्षाच करत नव्हतं, त्याने तसला एक उंच बॉल मारला आणि तो भिंतीच्या वरून गेला. तीन रन. यांकीज ५-४ ने जिंकले. ज्या भिंतीवर बॉस्टनवाले जीव टाकतात तिनेच त्या दिवशी घात केला, आणि अजूनही त्याचं नाव इथे लोक शिवी घातल्याशिवाय घेत नाहीत.

बॉल भिंतीला लागला की लेफ्ट फील्डरकडे बघा, बॉलकडे नाही. भिंतीच्या कुठल्या भागाला लागला तर किती उसळतो हे त्याला माहीत असावं लागतं. कार्ल यास्ट्रझेम्स्की याने ती विद्या पूर्ण आत्मसात केली होती, तो १९६१ ते १९८३ फक्त याच टीमसाठी खेळला. पाहुण्या टीमचा फील्डर भिंतीच्या फार जवळ जाऊन उभा राहतो, बॉल त्याच्या डोक्यावरून मागे उसळतो आणि मग तो उलटा पळत सुटतो, हे तुम्हाला एका मॅचमध्ये एकदा तरी दिसेलच.

भिंत पहिल्यापासून अशी नव्हती. १९१२ ला लाकडी होती, समोर जमिनीला दहा फुटांचा चढ होता. डावीकडचा फील्डर डफी लुइस त्या चढावर पळत जाऊन कॅच घ्यायचा, इतकं सफाईने की लोक त्या टेकाडाला डफीचा कडा म्हणायला लागले. १९३४ मध्ये टेकाड काढून टाकलं आणि पत्र्याची उंच भिंत उभारली. तेव्हा ती हिरवी नव्हती, तिच्यावर जाहिराती होत्या. १९४७ मध्ये जाहिराती पुसून हिरवा रंग दिला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये इथे दिव्यांच्या उजेडातली पहिली मॅच झाली. १९३६ पासून वर जाळी होती, लॅन्सडाउन स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचा फुटू नयेत म्हणून. जाळीत अडकलेले बॉल काढायला भिंतीवर एक लोखंडी शिडी लावली होती. जाळी गेली, वर खुर्च्या आल्या, शिडी तशीच आहे, काही काम नाही तरी आहे, आणि बॉल शिडीला लागून मैदानातच राहिला तर खेळातच धरतात, उसळून बाहेर गेला तर बॅटरला दोन बेस देतात.

भिंतीच्या तळाशी स्कोअरबोर्ड आहे, १९३४ चा, आणि अजून हाताने चालवतात. आत माणसं बसलेली असतात, आकड्यांच्या पाट्या सरकवतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगून ठेवा की इनिंग संपली की त्या फटीकडे बघा, पाटी बदलताना दिसते. त्याच बोर्डवरच्या उभ्या पांढऱ्या रेघांवर बारीक ठिपके आणि रेषा आहेत, ती मोर्स लिपी आहे, टॉम यॉकी आणि त्यांची बायको जीन यांची आद्याक्षरं. दुर्बीण असेल तर शोधा.

पायरी ६: उरलेले कोपरे

उजवीकडे पिवळा फाउल पोल आहे, तो पेस्कीचा खांब. होम प्लेटपासून ३०२ फूट, मेजर लीगमधलं सगळ्यात जवळचं कुंपण हेच. जॉनी पेस्कीने पूर्ण करिअरमध्ये १७ होम रन मारले, म्हणजे अगदीच थोडे, आणि त्यातले काही या खांबाजवळून गेले म्हणून नाव पडलं. पण कुंपण तिथून झपकन मागे वळतं आणि ३८० फुटांवर जातं, त्यामुळे खांबाच्या शेजारीच पडला पाहिजे, जरा इकडेतिकडे झाला तर आउट. खांबावर लोकांनी नावं लिहिलेली असतात.

डाव्या फाउल पोलला रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कचं नाव आहे. १९७५ ची वर्ल्ड सिरीज, सहावी मॅच, बारावी इनिंग, मध्यरात्र उलटलेली. त्याने मारलेला बॉल फाउल जाणार की आत राहणार कळेना, तर हा दोन्ही हातांनी हवेत बॉलला ढकलतोय, आत ये, आत ये! बॉल पोलला लागला, म्हणजे होम रन. सातवी मॅच आणि सिरीज मात्र बॉस्टन हरलं. व्हिडिओ घरून निघायच्या आधी नक्की बघून या, मग तो पोल बघताना अंगावर काटा येतो.

सेंटर फील्डमध्ये एक खोल कोपरा आहे, त्रिकोणी, ४२० फुटांवर. तिथे बॉल गेला की बॅटर तिसऱ्या बेसपर्यंत पळतो, उठून उभे राहा.

आणि ब्लीचर्समध्ये, हजारो हिरव्या खुर्च्यांत एकच लाल. सेक्शन ४२, रो ३७, सीट २१. ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सने मारलेला बॉल इथे पडला, ५०२ फूट, म्हणजे दीडशे मीटरच्या वर. तेव्हा तिथे बाक होते. बाकावर बसलेल्या माणसाच्या गवती हॅटला बॉल भोक पाडून गेला. लाल खुर्चीपाशी जाऊन होम प्लेटकडे बघा. किती लांब आहे ते तिथून बघितल्याशिवाय पटत नाही, मी स्वतः गेले तेव्हा मला वाटलं काहीतरी चूक आहे मोजणीत.

पायरी ७: एक गोष्ट टाळून पुढे जाऊ नका

इतक्या प्रेमाने लिहितेय म्हणून हेही लिहायलाच पाहिजे. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला याच मैदानावर चाचणीसाठी बोलावलं होतं. टीमने घेतलं नाही. दोन वर्षांनी तो ब्रुकलिनकडून खेळला आणि आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. रेड सॉक्सने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्पसी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ मध्ये, सगळ्या टीम्समध्ये सगळ्यात शेवटी. फेनवेवरच्या त्याच्या पहिल्याच बॅटिंगला त्याने बॉल डाव्या भिंतीवर मारला आणि तीन बेस पळाला. जर्सी स्ट्रीटला बरीच वर्षं यॉकी वे असं नाव होतं, या इतिहासामुळेच २०१८ मध्ये ते काढून जुनं नाव परत दिलं. उजव्या बाजूला वर निवृत्त केलेल्या नंबरांची रांग आहे, त्यात ४२ नंबर रॉबिन्सनचा आहे, सगळ्याच मैदानांवर असतो. इथे तो बघताना १९४५ आठवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पायरी ८: खेळ, थोडक्यात

नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही टीम्स एकेकदा बॅटिंग करतात, तीन आउट झाले की पाळी संपली. पाहुणे आधी, घरचे नंतर. तीन स्ट्राइक (हुकलेला, किंवा मारण्याजोगा असून सोडलेला बॉल) म्हणजे आउट, चार बॉल वाईट पडले की फुकटात पहिला बेस. दोन फाउल पोलच्या मधला कोन तेवढाच खेळाचा, बाहेर गेलेला बॉल फाउल, आपल्यासारखं मागे मारून रन नाहीत. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय त्यामुळे मॅच साधारण पावणेतीन तासांत संपते. गर्दीत आलेला बॉल तुमचा, परत द्यायचा नसतो. बाकी शेजारच्याला विचारा, इथले लोक आनंदाने सांगतात, कधीकधी गरजेपेक्षा बरंच जास्त.

पायरी ९: खाणं

फेनवे फ्रँक नावाचा हॉट डॉग प्रसिद्ध आहे, वरून चिरलेल्या पावात देतात. बीफ किंवा पोर्क चालत नसेल तर घ्यायच्या आधी विचारा. शाकाहारी माणसाने खारे दाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, फ्राइज, पिझ्झा यावर भागवायचं. दाणे सालासकट मिळतात, सालं खाली टाकायची, सगळे तेच करतात, आईला ते काही केल्या पटेना, तिने सगळी सालं पिशवीत भरून घरी आणली. आइस्क्रीम प्लास्टिकच्या छोट्या हेल्मेटमध्ये मिळतं, मुलांसाठी तेच घ्या, हेल्मेट धुऊन वर्षानुवर्षं टिकतं. तिसऱ्या बेसच्या बाजूला गच्चीवर २०१५ पासून भाजीचा मळा आहे, तिथली भाजी इथल्याच किचनमध्ये जाते, वरच्या मजल्यावर गेलात तर बघून या.

पायरी १०: आठवी इनिंग आणि परतीची वाट

सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे उठून पाय मोकळे करतात. पण निघायचं नाही. आठव्या इनिंगच्या मध्ये नील डायमंडचं "स्वीट कॅरोलाइन" लागतं, २००२ पासून प्रत्येक मॅचला, आणि अख्खं स्टेडियम गातं, टीम हरत असली तरी. शब्द येत नसले तरी चालेल, दुसऱ्या कडव्यापर्यंत कळतं कुठे ओरडायचं ते.

आणि लवकर निघू नका याचं दुसरं कारण, १७ ऑक्टोबर २००४. वर्ल्ड सिरीजच्या आधीची सिरीज, यांकीजविरुद्ध बॉस्टन ०-३ ने मागे, चौथी मॅच, नववी इनिंग, एका रनने मागे, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. काही लोक उठून घरी गेले असतील, मला नेहमी त्यांचं वाईट वाटतं. डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका न लागताच तिथवर पळून गेला, बरोबरी झाली, बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझचा होम रन. मग पुढच्या तीनही जिंकल्या, मग वर्ल्ड सिरीज. ०-३ वरून सात मॅचची सिरीज जिंकणारी बेसबॉलमधली ती पहिलीच टीम. नंतर २००७, २०१३ आणि २०१८ ला पुन्हा जिंकले, त्यातलं २०१३ चं घरच्या मैदानावर, फेनवेवर, तेही १९१८ नंतर पहिल्यांदा, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते त्यामुळे त्या रात्री शहर नुसतं रडत होतं.

मॅच संपल्यावर केनमोर स्टेशनच्या दारात इतकी गर्दी असते की पाच-सहा गाड्या सोडाव्या लागतात. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर तिकडे जाऊच नका. बॉयल्स्टन स्ट्रीट किंवा कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूने पंधरा-वीस मिनिटं चालत हाइन्स स्टेशन गाठा. पण घरी जायची गाडी केनमोरच्या पश्चिमेकडे जाणारी असेल तर अर्धा तास आपल्या खुर्चीतच बसून राहा, कर्मचारी हाकलेपर्यंत. गर्दी ओसरते, मैदान पाणी मारायला घेतात, स्कोअरबोर्डच्या आतली माणसं दार उघडून बाहेर येतात.

आणि मॅचचं तिकीट जमलंच नाही, किंवा आईबाबा डिसेंबरमध्येच आलेत, तर वर्षभर दिवसा टूर असतात, साधारण तासाभराच्या. त्यात भिंतीच्या वरच्या खुर्च्यांपर्यंत नेतात. तिथून खाली बघताना होम प्लेट इतकी जवळ दिसते की ३१० फूट म्हणजे काय ते तिथेच कळतं.